आधी चाळणी की आधी माप? अहवालांतील फिल्टर समजून घेताना

धान्य आधी चाळून मग मोजले तर एक वजन येते, आधी मोजून मग चाळले तर दुसरे. खळ्यावर वाढलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. संगणकावरील अहवालात मात्र हीच गोष्ट घडते तेव्हा ती सहसा ध्यानात येत नाही, कारण तेथे चाळणी दिसत नाही. दिसतो तो केवळ चाळणीखाली पडलेला आकडा. बाजारभावांचे फलक, मृद आरोग्य पत्रिकांचे गोषवारे, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे खरेदी-अहवाल, दूध संकलनाचे ताळेबंद ही सारी माहिती आज एक्सेल, पॉवर बीआय, टॅब्लो यांसारख्या साधनांतून विस्तार कार्यकर्त्यापर्यंत पोहोचते. या साधनांमधील फिल्टर, म्हणजेच निवडीची अट, कसे काम करते हे समजले नाही, तर अचूक नोंदींतूनही चुकीचा सल्ला निघू शकतो. त्याची किंमत शेवटी शेतकऱ्यालाच मोजावी लागते.

फिल्टर म्हणजे नेमके काय?

कोणत्याही अहवालाच्या तळाशी ओळी आणि स्तंभ यांनी बनलेला एक तक्ता असतो. खरेदी-नोंदीच्या तक्त्यात एक ओळ म्हणजे एक काटापट्टी. माती परीक्षणाच्या तक्त्यात एक ओळ म्हणजे एक नमुना. बाजारभावाच्या तक्त्यात एक ओळ म्हणजे एका बाजार समितीतील एका शेतमालाचा एका दिवसाचा भाव. फिल्टर या प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारतो. उत्तर ‘होय’ आले तर ओळ पुढे जाते, अन्यथा ती बाजूला पडते. मूळ माहिती पुसली जात नाही, ती त्या अहवालापुरती नजरेआड होते.

म्हणून फिल्टर लावण्यापूर्वी पहिला विचार करावयाचा तो हा, की आपल्या तक्त्यातील एक ओळ कशाची आहे. ओळ काटापट्टीची असेल, तर फिल्टर काटापट्टीलाच प्रश्न विचारतो, शेतकऱ्याला नाही. अहवालांतील बहुतेक गोंधळ या एका भेदाकडे दुर्लक्ष झाल्याने निर्माण होतात.

ओळीवरची चाळणी आणि बेरजेवरची चाळणी

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका शेतकरी उत्पादक कंपनीने ठरविले, की हंगामात १० क्विंटलपेक्षा अधिक सोयाबीन देणाऱ्या सभासदांस बोनस द्यावयाचा. खरेदीच्या नोंदी अशा आहेत:

- शेतकरी ‘क’: तीन वेळा ४ क्विंटल, एकूण १२
- शेतकरी ‘ख’: एकदाच ११ क्विंटल, एकूण ११
- शेतकरी ‘ग’: एकदा १२ आणि एकदा ३ क्विंटल, एकूण १५
- शेतकरी ‘घ’: एकदा ६ आणि एकदा ३ क्विंटल, एकूण ९

संगणकावर बसलेल्या कर्मचाऱ्याने ‘वजन १० पेक्षा अधिक’ असा फिल्टर थेट नोंदींच्या स्तंभावर लावला, तर ‘ख’ची ११ क्विंटलची आणि ‘ग’ची १२ क्विंटलची अशा दोनच ओळी उरतात. अहवाल सांगतो, पात्र सभासद दोन, एकूण माल २३ क्विंटल. हीच अट प्रत्येक शेतकऱ्याची बेरीज झाल्यानंतर लावली, तर ‘क’, ‘ख’ आणि ‘ग’ असे तीन सभासद पात्र ठरतात आणि एकूण माल ३८ क्विंटल भरतो.

दोन्ही वेळा नोंदी त्याच होत्या, अटीचे शब्दही तेच होते. फरक पडला तो क्रमाचा. पहिल्या रीतीत चाळणी मापाआधी लागली, दुसऱ्या रीतीत मापानंतर. पहिल्या रीतीने ‘क’ पूर्णपणे वगळला गेला आणि ‘ग’चे ३ क्विंटल हिशेबातून निसटले. येथे कोण वगळला जातो, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. ज्याच्याकडे स्वतःचे वाहन नाही, साठवणुकीची सोय नाही, जो गरजेप्रमाणे थोडा थोडा माल आणतो, तो लहान शेतकरी. एकाच खेपेत मोठा माल आणणाऱ्याला अशा चुकीच्या फिल्टरची झळ सहसा बसत नाही. म्हणजे तांत्रिक वाटणारी ही चूक प्रत्यक्षात एका विशिष्ट गटावर अन्याय करते, आणि तोही कुणाच्या मनात नसताना.

साधनांमध्ये या दोन प्रकारांसाठी वेगवेगळ्या सोयी असतात. एक्सेलच्या पिव्हट टेबलमध्ये स्लायसर किंवा वरच्या बाजूचा फिल्टर बेरजेपूर्वी लागू होतो, तर व्हॅल्यू फिल्टर तयार झालेल्या बेरजांवर लागू होतो. एसक्यूएल या प्रश्नभाषेत तर दोहोंसाठी दोन स्वतंत्र शब्द आहेत. ओळींवरील अटीसाठी ‘व्हेअर’ आणि बेरजेनंतरच्या अटीसाठी ‘हॅविंग’. साधन कोणतेही असो, ‘ही अट एका नोंदीला आहे की एकूण बेरजेला?’ हा प्रश्न फिल्टर लावणाऱ्याने स्वतःस विचारावा.

‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’

बोलीतील ‘आणि’ व संगणकातील ‘आणि’ यांचे अर्थ भिन्न आहेत. ‘सोयाबीन आणि तूर यांच्या नोंदी दाखवा’ असे आपण सहज म्हणतो. आपल्या मनात असते ते सोयाबीनच्याही आणि तुरीच्याही. संगणकाला हीच अट ‘पीक सोयाबीन आहे आणि पीक तूर आहे’ अशी दिली, तर तो एकही ओळ दाखविणार नाही, कारण एका ओळीत एकच पीक नोंदलेले असते. येथे संगणकाला द्यावयाचा शब्द ‘किंवा’ हा आहे.

याउलट, ‘सोयाबीन व तूर ही दोन्ही पिके घेणारे शेतकरी’ हवे असतील, तर साधा ‘किंवा’ही पुरत नाही. त्याने केवळ सोयाबीन घेणारे आणि केवळ तूर घेणारेही यादीत शिरतात. त्यासाठी दोन्ही पिकांच्या नोंदी निवडून, प्रत्येक शेतकऱ्यामागे किती वेगवेगळी पिके आली हे मोजावे आणि मग ‘मोजणी दोन’ ही अट लावावी. म्हणजे पुन्हा मापानंतरची चाळणी.

‘नाही’ हा शब्द तर सर्वांत फसवा. ‘ज्यांनी विशिष्ट कीटकनाशक वापरले नाही असे शेतकरी’ शोधण्यासाठी फवारणीच्या नोंदींतून त्या कीटकनाशकाच्या ओळी वगळल्या, तर हाती येते ती इतर औषधांच्या फवारण्यांची यादी. ज्याने तेही वापरले आणि दुसरेही वापरले, तो शेतकरी दुसऱ्या औषधाच्या ओळीमुळे यादीत कायम राहतो. आणि ज्याने एकही फवारणी केली नाही, त्याची नोंदच नसल्याने तो यादीत येतच नाही. न घडलेल्या गोष्टीची ओळ नसते. म्हणून अशा वेळी आधी वापरणाऱ्यांची यादी करावी आणि ती सर्व सभासदांच्या यादीतून वजा करावी. अवशेषमुक्त मालाच्या निर्यातीसाठी शेतकरी निवडताना हा भेद पाळला नाही, तर एका शेतकऱ्याच्या मालामुळे सर्व मालाची खेप नाकारली जाण्याची भीती असते.

रिकामी चौकट म्हणजे शून्य नव्हे

केंद्र शासनाची मृद आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे सुरू झाली. या पत्रिकेत सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन असे १२ घटक नोंदविले जातात. जस्ताच्या उपलब्धतेची सर्वसाधारण सीमा ०.६ मिलिग्रॅम प्रति किलो मानली जाते. त्याखालील जमिनीत उणीव समजून झिंक सल्फेटची शिफारस होते.

समजा, एका तालुक्यातून ५०० नमुने आले. त्यांपैकी १८० नमुन्यांची जस्ताची तपासणी झालीच नाही आणि ती चौकट रिकामी राहिली. तपासलेल्या ३२० नमुन्यांपैकी १६० मध्ये उणीव आढळली. आता उणिवेचे प्रमाण किती?

सर्व नमुन्यांवर भाग घातला तर ३२ टक्के. तपासलेल्या नमुन्यांवर घातला तर ५० टक्के. आणि साधनाने रिकामी चौकट शून्य समजली, तर ०.६ पेक्षा कमी असलेल्या नमुन्यांत ते १८०ही मिसळतात, ३४० नमुने उणिवेचे ठरतात आणि प्रमाण ६८ टक्क्यांवर जाते. एकाच तक्त्यातून तीन उत्तरे. यांपैकी तपासलेल्या नमुन्यांबाबत खरे असलेले उत्तर ५० टक्के हे आहे, आणि त्यासोबत ‘१८० नमुने तपासलेले नाहीत’ हे सांगणेही तितकेच आवश्यक आहे. ३२ टक्क्यांवर विसंबले तर खताची मागणी अपुरी नोंदविली जाईल. ६८ टक्क्यांवर विसंबले तर गरज नसलेल्या शेतातही खर्च होईल.

रिकाम्या चौकटीशी प्रत्येक साधन वेगळे वागते. एक्सेलमधील ‘पेक्षा कमी’ हा अंक-फिल्टर रिकाम्या चौकटी वगळतो. परंतु त्याच एक्सेलमध्ये ‘किंमत ०.६ पेक्षा कमी असल्यास उणीव लिहा’ असे सूत्र शेजारच्या स्तंभात घातले, तर ते रिकाम्या चौकटीस शून्य मानून तेथेही ‘उणीव’ लिहिते. पॉवर बीआयची डॅक्स ही सूत्रभाषाही तुलना करताना रिक्त मूल्य शून्यासमान धरते. एसक्यूएलमध्ये मात्र रिक्त मूल्याची कोणतीही तुलना अनिर्णीत ठरते, त्यामुळे ती ओळ ‘उणीव आहे’ या यादीतही येत नाही आणि ‘उणीव नाही’ या यादीतही येत नाही. पर्जन्यमानाच्या नोंदींतही हाच धोका आहे. पाऊस शून्य मिलिमीटर पडणे आणि पर्जन्यमापकाचे वाचन न घेतले जाणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

बाजारभाव: सरासरीला फिल्टर लागतो तेव्हा

विपणन व निरीक्षण संचालनालयाच्या अॅगमार्कनेट या संकेतस्थळावर देशभरातील बाजार समित्यांची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर प्रसिद्ध होतात. सर्वसाधारण दर म्हणजे ज्या भावाने अधिकांश माल विकला गेला तो भाव. अनेक बाजारांचा एकत्रित भाव काढताना फिल्टर आणि सरासरी यांची सांगड काळजीपूर्वक घालावी लागते.

समजा, एका दिवशी कांद्याची आवक पहिल्या बाजारात ९,००० क्विंटल व दर १,२०० रुपये, दुसऱ्यात ८०० क्विंटल व १,८०० रुपये, तिसऱ्यात २०० क्विंटल व २,१०० रुपये आहे. तीन दरांची साधी सरासरी १,७०० रुपये येते. आवकेनुसार भारित सरासरी काढली तर ती १,२६६ रुपये भरते. आता ‘आवक ५०० क्विंटलपेक्षा अधिक’ असा फिल्टर लावून तिसरा बाजार वगळू. साधी सरासरी एकदम १,५०० रुपयांवर उतरते. भारित सरासरी मात्र सुमारे १,२४९ रुपयांवर राहते. केवळ २०० क्विंटलच्या बाजाराने साध्या सरासरीत २०० रुपयांचा फरक पाडला. ‘भाव घसरला’ अशी बातमी गावात पोहोचण्यास एवढे पुरेसे आहे, प्रत्यक्षात मात्र बाजारात काहीच बदललेले नसते. म्हणून दराची सरासरी शक्यतो आवकेनुसार भारित असावी, आणि दोन दिवसांची तुलना करताना दोन्ही दिवशी तेच बाजार निवडलेले आहेत याची खात्री करावी.

टक्केवारीबाबतही सावध राहावे. ‘एकूणपैकी वाटा’ दाखविणाऱ्या आलेखात ‘एकूण’ म्हणजे बहुधा फिल्टरनंतर उरलेले एकूण असते. एका राज्यापुरता फिल्टर लावल्यावर एखाद्या बाजाराचा वाटा ४० टक्के दिसला, तर तो त्या राज्यातील वाटा आहे, देशातील नव्हे.

हंगाम आणि नावे

शेतीचे वर्ष पंचांगाच्या किंवा हिशेबाच्या वर्षाप्रमाणे चालत नाही. कृषी वर्ष जुलै ते जून असे धरले जाते, साखर व कापसाचा हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर असा मोजतात, तर शासकीय जमाखर्च एप्रिल ते मार्च असतो. जून-जुलैत पेरलेली तूर डिसेंबर-जानेवारीत काढणीस येते. ‘२०२३’ एवढाच फिल्टर लावला, तर आदल्या हंगामातील उशिरा आलेली तूर आणि चालू हंगामातील लवकर आलेली तूर एकत्र मोजली जाते. उन्हाळ कांदा मार्चपासून निघू लागतो. ३१ मार्चला कापणारा फिल्टर त्याच पिकाचे दोन तुकडे करतो. यासाठी तक्त्यात ‘हंगाम’ असा स्वतंत्र स्तंभ ठेवणे सर्वांत उत्तम.

तारखेसोबत वेळही नोंदलेली असेल, तर ‘३१ मार्चपर्यंत’ या अटीचा अर्थ काही साधने ३१ मार्चच्या मध्यरात्रीच्या आरंभापर्यंत असा घेतात आणि त्या संपूर्ण दिवसाच्या नोंदी गळतात. अशा वेळी ‘१ एप्रिलपूर्वी’ अशी अट अधिक निर्धोक. ‘मागील ३० दिवस’ यासारखा सरकता फिल्टर असलेला अहवाल आठवड्यानंतर उघडल्यास वेगळे आकडे दाखवितो. त्यामुळे तो छापताना तारखांची नोंद अनिवार्य समजावी.

नावांचा प्रश्नही असाच आहे. तेलंगण २ जून २०१४ रोजी स्वतंत्र राज्य झाले. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. ‘ठाणे’ एवढाच फिल्टर लावून २०१० पासूनचे भाताखालील क्षेत्र पाहिले, तर मध्येच मोठी घट दिसेल, पण ती शेतीतील नसून नकाशातील असेल. औरंगाबाद आणि उस्मानाबाद ही नावे जाऊन छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव आली, अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. जुन्या व नव्या नोंदी एकत्र असतील, तर एकाच नावाचा फिल्टर अर्धीच माहिती देतो. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत जिल्हा, तालुका व गाव यांना सांकेतांक दिलेले आहेत. नावाऐवजी सांकेतांकावर फिल्टर लावल्यास शुद्धलेखनातील भेद, शब्दामागील अनवधानाची मोकळी जागा आणि नामांतर या अडचणी बऱ्याच अंशी टळतात. जिल्ह्याचे विभाजन झाले असेल, तर मात्र जुन्या व नव्या दोन्ही जिल्ह्यांची बेरीज करूनच तुलना करावी.

न दिसणाऱ्या चाळण्या

पॉवर बीआयमध्ये फिल्टर तीन पातळ्यांवर लागतो: एका आलेखावर, एका पानावर किंवा संपूर्ण अहवालावर. हे सारे एकाच वेळी लागू असतात, आणि उरते ते सर्व अटींमधून पार पडलेले. एका आलेखातील स्तंभावर नुसती टिचकी मारली, तरी शेजारचे आलेख त्यानुसार बदलतात. अहवाल तयार करणाऱ्याने फिल्टरची पट्टी लपविली असेल, तर वाचकास काय वगळले आहे ते कळतही नाही. त्याशिवाय, वापरकर्त्याच्या अधिकारानुसार ओळी मर्यादित करण्याचीही सोय असते. तालुका पातळीवरील कर्मचाऱ्यास ‘एकूण’ म्हणून दिसणारा आकडा त्याच्या तालुक्याचाच असू शकतो, तर जिल्हा अधिकाऱ्यास त्याच पानावर दुसरा आकडा दिसतो. दोघांचेही बरोबर असते, तरी बैठकीत वाद होतो.

टॅब्लोमध्ये फिल्टरचा क्रम ठरलेला आहे. ‘सर्वाधिक आवकेचे दहा बाजार’ ही अट साध्या राज्य-फिल्टरच्या आधी तपासली जाते. परिणामी देशातील पहिले दहा बाजार निवडून, मग त्यांतील कर्नाटकातील तेवढे दाखविले जातात, आणि यादीत दहाऐवजी दोन-तीनच नावे उरतात. कर्नाटकातील पहिले दहा हवे असतील, तर राज्याचा फिल्टर ‘कॉन्टेक्स्ट’ फिल्टर करून आधीच्या पायरीवर न्यावा लागतो.

एक्सेलच्या वापरात तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ‘सम’ हे सूत्र फिल्टरने लपलेल्या ओळीही बेरजेत घेते, तर ‘सबटोटल’ हे सूत्र त्या वगळते. तक्त्याच्या मध्ये एक संपूर्ण ओळ रिकामी असेल, तर तिच्याखालील नोंदी फिल्टरच्या कक्षेबाहेर राहू शकतात. आणि फिल्टर लावल्यानंतर नोंदींत बदल केला, तर फिल्टर आपोआप नव्याने लागत नाही, तो पुन्हा लागू करावा लागतो.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी कार्यपद्धती

१. अहवाल उघडताच सर्व फिल्टर काढून एकूण ओळींची संख्या टिपावी. त्यानंतर एकेक फिल्टर लावत संख्या कशी घटते ते पाहावे. अनपेक्षित घट दिसल्यास तेथेच थांबावे.

२. ताळा जुळवावा. अटीत बसणाऱ्या ओळी, अटीत न बसणाऱ्या ओळी आणि रिकाम्या ओळी यांची बेरीज एकूण ओळींइतकी आलीच पाहिजे.

३. ज्याचे उत्तर आपणांस ठाऊक आहे असा एक शेतकरी किंवा एक बाजार घेऊन त्याचा आकडा हाताने काढावा आणि अहवालाशी ताडून पाहावा. शक्यतो अनेक लहान खेपांत माल देणारा शेतकरी निवडावा, कारण चूक असल्यास ती तेथेच प्रथम उघड होते.

४. अट एका नोंदीवर आहे की बेरजेवर, हे अहवालाच्या शीर्षकातच लिहावे. ‘१० क्विंटलपेक्षा अधिक’ असे मोघम न लिहिता ‘हंगामातील एकूण विक्री १० क्विंटलपेक्षा अधिक’ असे लिहावे.

५. प्रत्येक तक्त्याखाली फिल्टरची नोंद द्यावी: कालावधी, क्षेत्र, पीक, वगळलेल्या नोंदी व त्यांची संख्या, आणि अहवाल काढल्याची तारीख.

६. लाभार्थ्यांची यादी अंतिम करण्यापूर्वी वगळलेल्यांची यादीही वाचावी. निवडलेल्यांच्या यादीतील चूक कोणीतरी दाखवून देतो. वगळलेल्याला बहुधा आपण वगळले गेलो हे ठाऊकच नसते.

प्रगतशील शेतकऱ्यांनीही आपल्यासमोर आलेल्या आकड्यास तीन प्रश्न अवश्य विचारावेत: हा आकडा किती नोंदींवरून काढला, त्यातून काय वगळले आणि का वगळले? उत्पादक कंपनीच्या सभेत हे प्रश्न विचारणे हा अविश्वास नसून सभासदाचा हक्क आहे. ज्या संस्थेपाशी या प्रश्नांची उत्तरे तयार असतात, तिचे अहवाल सभासद विश्वासाने स्वीकारतात. चाळणीखाली पडलेले धान्य जितके नीट पाहावे, तितकेच चाळणीवर उरलेलेही पाहावे. त्यात केवळ काडीकचराच असेल असे नाही, एखाद्याच्या घामाचे दाणेही असू शकतात.